हब आणि स्विच दिसायला सारखेच, मग वेगात एवढा फरक का?

प्रश्न:
आमच्या कार्यालयातील सात संगणक आणि एक प्रिंटर आठ पोर्टच्या स्विचला जोडलेले आहेत. आणखी दोन संगणक आल्यामुळे जुन्या सामानात सापडलेला, वर '१००' असे छापलेला एक हब आम्ही त्या स्विचला जोडला आणि प्रिंटरची केबल काढून हबात घातली. इंटरनेट चालते, परंतु हबवरील दोन्ही संगणकांवर एकाच वेळी मोठ्या फाइली कॉपी करायला घेतल्या की वेग कोसळतो आणि हबवरचा 'कोलिजन'चा (टक्कर दाखवणारा) दिवा लुकलुकत राहतो. हब बिघडला आहे काय?

उत्तर १:
हब बिघडलेला नाही. तो दिवा लुकलुकणे हे त्याच्या स्वभावातच आहे. हबला पत्ता वाचता येत नाही. एका पोर्टमधून आलेला सिग्नल पुन्हा सशक्त करून तो उरलेल्या सर्व पोर्टमधून जसाच्या तसा सोडतो, त्यामुळे प्रिंटरसाठी निघालेली फ्रेम (पत्ता घातलेला माहितीचा तुकडा) शेजारच्या संगणकापर्यंतही पोहोचते आणि आपली नाही हे पाहून तो ती टाकून देतो. दोघे एकदम बोलले की टक्कर होते. मग दोघेही थांबतात आणि प्रत्येकी यादृच्छिक कालावधीनंतर पुन्हा प्रयत्न करतात. म्हणजे १०० मेगाबिट हा वेग हबवरील सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा असतो, आणि तोही एका वेळी एकानेच बोलायचे या अटीवर.

स्विच मात्र आलेल्या प्रत्येक फ्रेममधील पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) पाहून तो कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद ठेवतो आणि त्या पत्त्यासाठीच्या पुढील फ्रेम नेमक्या त्याच पोर्टवर पाठवतो. प्रत्येक जोडणी स्वतंत्र असल्याने पाठवणे आणि घेणे एकाच वेळी चालते.

उत्तर २:
वरील उत्तराला एक पुरवणी. ज्या पत्त्याची नोंद अजून झालेली नाही, त्याची फ्रेम स्विचही उरलेल्या सर्व पोर्टवर पाठवतो, ब्रॉडकास्टचेही (सर्वांसाठी निघालेल्या फ्रेमचेही) तसेच. ही नोंद कायमची नसते: बऱ्याच स्विचमध्ये ३०० सेकंद काही हालचाल झाली नाही तर ती पुसली जाते. त्यामुळे 'स्विच लावला म्हणजे कोणालाही काही दिसणार नाही' असे गृहीत धरू नये.

शिवाय त्या दोन संगणकांच्या नेटवर्क कार्डावर कोणी 'फुल डुप्लेक्स' (पाठवणे आणि घेणे एकाच वेळी) सक्तीने लावले आहे का, हेही तपासा. हब हाफ डुप्लेक्सच (एका वेळी एकच) असतो, आणि अशा बेमेळात पिंग (जोडणी तपासण्याचा छोटा संदेश) व्यवस्थित चालतो पण मोठी फाइल रखडते, त्यामुळे दोष शोधणाऱ्याची हमखास दिशाभूल होते.

प्रश्नकर्ता:
एका संगणकावर खरोखरच तसे होते. ते 'ऑटो' केल्यावर सुधारणा झाली, पण दोघांनी एकदम कॉपी केली की वेग अजूनही विभागला जातोच. मग हब टाकून द्यावा काय?

उत्तर १:
रोजच्या कामातून काढा आणि त्या जागी दुसरा स्विच लावा. हब मात्र जपून ठेवा: एखाद्या उपकरणाची वाहतूक तपासायची असेल, तर ते आणि तपासणीचा संगणक हबवर घेतले की सर्व फ्रेम आपोआप त्या संगणकापर्यंत पोहोचतात, स्विचवर त्यासाठी पोर्ट मिररिंगची (एका पोर्टवरील वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवण्याची) सोय लागते, जी साध्या स्विचमध्ये बहुधा नसते. आणि नवा स्विच जोडताना दोन्ही स्विचमध्ये एकच केबल ठेवा. स्पॅनिंग ट्री (जोडण्यांतील फेरा ओळखून जादा मार्ग बंद ठेवणारी सोय) नसलेल्या स्विचमध्ये दुसरी केबल 'जादा वेगासाठी' लावली, तर ब्रॉडकास्ट फ्रेम गोल गोल फिरत राहून काही क्षणांत सगळे नेटवर्क ठप्प होईल.