नारळ उभा राहिला म्हणून आम्ही गप्प बसायचं?

जुळेसोलापूरकर: कालच्या बोअरच्या पोस्टखाली एका काकांनी लिहिलं, "तर्क शाळेत ठेवा, संसाराला श्रद्धा लागते. आमच्या अपार्टमेंटला पाणाड्यानं (नारळ हातात धरून जमिनीतलं पाणी सांगणाऱ्यानं) दाखवलं तिथंच पाणी लागलं." खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग.

काका, श्रद्धा तुमची, पण पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्सचे. आपल्या सोलापुरात पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते मुरमात आणि फटींत, त्यामुळे थोडंफार बऱ्याच ठिकाणी लागतं. किती लागतं आणि मे महिन्यात टिकतं का, हा खरा प्रश्न. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 पासून हेच काम करते, तिला कुणी विचारत नाही.

आमच्या सोसायटीतही पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ शेंडी वर करून उभा राहिला होता, म्हणजे खाली पाणी आहे म्हणे. हळदकुंकू वाहिलं, बोअरची गाडी लागली आणि रात्रभर नुसती धूळ. वाळत घातलेल्या साड्या, स्कूटरच्या सीटा, सगळं करडं. तेव्हा पाणाड्या म्हणाला, "कुणीतरी विटाळ केलाय." सगळ्या माना एका बाईकडे वळल्या. माझा राग त्या वळलेल्या मानांवर आहे. कोरडी बोअर एक वेळ परवडली.

बाळीवेस_ओरिजिनल: तो काका मीच. वय 44 आहे, काका म्हणू नका. बाईला बोलला ते चूकच, त्याला पाठीशी घालत नाही. पण आमच्या बोअरला दोन इंच पाणी आहे, येऊन बघा. माझ्या मेव्हण्यानं मोहोळकडं शेतात मशीननं पाणी शोधणारा आणला. वायरी पसरल्या, खुंट्या ठोकल्या, पॉइंट दिले, सगळे फेल. रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'पाण्याची हमी नाही'. फी मात्र आधी. तुमचा तर्कवाला पण शेवटी अंदाजच सांगतो की!

शेंगाचटणी: अंदाज सांगतो आणि अंदाज आहे असं लिहूनही देतो. 'विटाळ झाला' असं लिहीत नाही. दुसरं, पाणाड्याचे डोळे बांधून त्याच आवारात पुन्हा फिरवा. नारळ त्याच जागी उभा राहिला तर मी स्वतः हळदकुंकू घेऊन येतो. घटनेच्या 51-अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय, एवढं तरी ठाऊक असावं.

एसटीस्टँड: ते कलम 1976 चं, 42 व्या दुरुस्तीतलं. म्हणजे ऐन आणीबाणीतलं. चिकित्सा करा म्हणून कायदा आला तेव्हा चिकित्सा करणारे तुरुंगात होते. चालू द्या.

नळाचीवाट: नारळ सोडा बे! नळाला पाणी रोज का येत नाही ते बोला. ते आलं असतं तर बोअर मारायची वेळच आली नसती. उजनी धरण 117 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरायचा नाही असा तळाचा साठा, आणि उन्हाळ्यात आपण त्यावरच जगतो. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर. हा ऊस कुठल्या पाणाड्यानं लावायला सांगितला? सगळी शिकलेली माणसं होती, आकडेमोड करणारी.

माळशिरसकर: आलं का फिरून शेतकऱ्यावर! उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर असतो, म्हणून लावतो. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा उभी बाग उपटून बांधावर टाकली, तेव्हा कुठं होता तुमचा विवेक? मंगळवेढ्याच्या ज्वारीचं कौतुक करता आणि भाव ऐकून पुढच्या दुकानात जाता. माझं गणित चोख आहे.

नळाचीवाट: एकेकाचं गणित चोख, जिल्ह्याची बेरीज मायनसमध्ये. मृतसाठ्याला लागलेल्या उजनीसारखीच.

माळशिरसकर: मग नळाला मोटार लावून शेजाऱ्याचं पाणी ओढणं बंद करा आधी. त्याच पाण्यानं गाड्या धुता. मी बघितलंय, माझी बहीण विजापूर रोडला राहते.

नळाचीवाट: माझ्या घरी मोटार नाही! पुराव्याशिवाय बोलू नका.

बाळीवेस_ओरिजिनल: बहिणीनं सांगितलं म्हणजे पुरावाच की. आमच्या दोन इंचांना मात्र प्रयोग पाहिजे.

गड्ड्याचीजत्रा: जरा दमानं घ्या. आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या गावात हे चाललंय. बाराव्या शतकात त्यांनी तलाव खोदवला तो लोकांना कामाला लावून. आणि त्या वेळी शरण संत अल्लमप्रभू इथं सोन्नलगीला, म्हणजे जुन्या सोलापूरला आले ते शाबासकी द्यायला नव्हे. एवढी लोकोपयोगी कामं करतोस, आत स्वतःला कधी तपासलंस का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजामागं चालणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा. विवेकवाल्यांनी पण.

एसटीस्टँड: ते ऐकून सिद्धराम आधी भडकले होते, असंही त्याच कथेत आहे.

गड्ड्याचीजत्रा: भडकले, पण मग ऐकलं आणि बसवेश्वरांच्या कल्याणला गेले. तुम्ही पहिल्या पायरीवरच अडकलाय.

जुळेसोलापूरकर: बरं. बाळीवेस, तुमच्या दोन इंचांचा मान ठेवतो. आम्हाला दुसरी बोअर मारायचीच आहे. मशीनवाल्याचा पॉइंट एका पाकिटात, तुमच्या पाणाड्याचा दुसऱ्या. दोघांनी एकमेकांचं बघायचं नाही. दोन्हीकडं मारू, आणि निकाल मे अखेरीस मोजू, गाडी लागली त्या दिवशी नाही.

बाळीवेस_ओरिजिनल: मान्य. पण पाकिटं कुणाकडं ठेवणार ते आधी ठरवा. तुमच्या चेअरमनवर माझी श्रद्धा नाही.