अनुभव धागा: डॉक्टर व्हायच्या आधी दवाखान्यात काय पाहिलं?

मंडळी, माझा भाचा लातूरला 'नीट', म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, रिपीट करायलाय. १८० प्रश्न, ७२० मार्क, बाकी जगाचा पत्ता नाही. सुट्टीत दवाखान्यात सेवा करू का म्हणतोय. ज्यांनी केलीय त्यांनी लिहा, कौतुक नको, काय दिसलं ते सांगा.

औसेकर: बारावीनंतर एका सरकारी दवाखान्यात मदतीला जायचो. केस पेपर कुठं काढायचा, रक्त कुठं द्यायचं, एक्सरे कुठं, दिवसभर हेच. एक म्हातारी आली, नातवाचं ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत होतं पण पोराचं नाव रेशन कार्डावर एक अन आधारवर दुसरंच. योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र बिचारा फोनवर फोन लावतोय, म्हातारी पदराची गाठ सोडून एकेक कागद काढतीय, दुपार तिथंच गेली आणि पोराचं पोट दुखायचं ते दुखतच होतं. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत बगा.

अंबाजोगाईची: पावसाळ्यात साप चावलेले लई येतात. मी नुसती बाजूला उभी होते. डॉक्टरताईंनी कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि २० मिनिटं हात लावायचा नाही म्हणल्या. नळी साबणानं धुतलेली किंवा प्लास्टिकची असली तर निकाल फसतो म्हणे. भोवती नातेवाईक 'इंजेक्शन द्या ना हो' म्हणून ओरडायलेत आणि ताई घड्याळाकडं बघत तेवढ्याच शांतपणे पेशंटच्या सुजलेल्या पायावर पेनानं खुणा करायल्यात. मग नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणस असणार, तिच्या विषानं रक्त गोठत नाही म्हणल्या, लगेच अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, चालू. ओरडणाऱ्यांपुढं तसं उभं राहणं मला अजून जमायचं नाही.

परभणीवाला: शिबिरात नावं लिहिली. पाय दुखून आले. भाजी चांगली होती.

नांदेडकर: इंग्लंडात मेडिकलच्या मुलाखतीत असला अनुभव विचारतात, आपल्याकडं त्याचा अर्धा मार्कही मिळत नाही, म्हणून सर्टिफिकेटसाठी जात असेल तर घरी बसलेलं बरं. आणि एका खासगी ठिकाणी अकरावीच्या पोराला सलाईन लावायला देताना पाहिलंय, असं कुणी म्हणलं तर सरळ नाही म्हणायचं. पेशंटचे फोटो स्टेटसला टाकू नका, हेही सांगावं लागतं आजकाल.

अंबाजोगाईची: भाच्याला हिपॅटायटीस बीची लस झालीय का विचारा. नसेल तर पहिला डोस आत्ताच, तिन्ही पूर्ण व्हायला सहा महिने जातात. आणि चप्पल नको, बंद बूट.