एकाच लॅपटॉपवर नमपायच्या दोन आवृत्त्या, काय करावं?

गंजगोलाई (लातूर): नमस्कार मंडळी. इथल्या एका आडतीसाठी सोयाबीन-तुरीच्या आवकेचा नि भावाचा रोजचा रिपोर्ट काढणारा पायथन प्रोग्राम मी लिहिलाय. पांडाज १.५.३ वर (तक्ते हाताळणारी पायथन लायब्ररी) बिनबोभाट चालायचा. परवा दुसऱ्या कामासाठी एक लायब्ररी टाकली, तिनं नमपाय २ (आकडेमोडीची लायब्ररी, पांडाज हिच्यावरच चालतं) ओढून आणलं. तेव्हापासून पांडाज इम्पोर्ट होतानाच एरर येतो: 'नमपाय डीटाइप साइझ चेंज्ड', ९६ पाहिजे होते, ८८ मिळाले. नमपाय खाली उतरवलं की नवीन काम बंद. दोन दिवसांपासून हेच करायलोय. सौदे निघायच्या आत रिपोर्ट लागतो हो.

गोदाकाठ (नांदेड): भाऊ, तुमच्या कोडमध्ये काही बिघडलेलं नाही. नमपाय २.० जून २०२४ ला आलं आणि त्याची आतली बायनरी रचना बदलली. तुमच्या पांडाजचा सी भाषेतला भाग जुन्या नमपायवर कंपाइल झालेला, त्याला ठरलेला आकार दिसला नाही की तो तिथंच थांबतो. नमपाय २ चालतं ते पांडाज २.२.२ पासून पुढं.

सगळं एकाच पायथनमध्ये टाकू नका, दोन्ही कामांच्या चुली वेगळ्या मांडा. प्रत्येक फोल्डरात स्वतंत्र व्हेन्व्ह (लायब्रऱ्यांचा वेगळा कप्पा) करा, ते पायथनसोबतच येतं. जुन्यात पांडाज १.५.३ आणि नमपाय १.२६.४ पक्कं करा. सगळं चाललं की पिप (लायब्रऱ्या बसवणारं साधन) फ्रीझ चालवून बसवलेल्या आवृत्त्यांची यादी फाइलीत ठेवा, गिटमध्ये (कोडचे बदल जपणारं साधन) टाका.

एक मात्र विसरू नका. रिपोर्ट टास्क शेड्यूलरवर (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारा) लावला असेल तर तिथं त्या व्हेन्व्हमधल्या पायथनचा पूर्ण पाथ द्या. माझ्याकडे हेच राहिलं होतं. हातानं चालवलं की चालायचं, पहाटे आपोआप चालताना पडायचं. अख्खा रविवार गेला.

बिंदुसरा (बीड): ताईंचं बरोबर आहे, पण एकाच प्रोजेक्टमध्ये दोन लायब्ररी भांडत असतील तर नुसत्या व्हेन्व्हनं भागत नाही. आधी पिप चेक चालवा, न जुळणाऱ्या आवृत्त्या कळतात, मग पिपडेपट्री टाकून कोण कोणती आवृत्ती मागतंय ते बघा. दोघींना चालणारी आवृत्ती बऱ्याचदा सापडते. नाहीच सापडली तर दोन वेगळे प्रोग्राम करा, मध्ये सीएसव्ही फाइल ठेवा. नवीन काम सुरू करताना मी यूव्ही (पिप नि व्हेन्व्हचं काम करणारं साधन) वापरतो, लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) आपोआप बनते.

गावाकडं नेट रडतं, म्हणून पिप डाउनलोडनं सगळ्या व्हील फाइली (लायब्रऱ्यांची तयार पॅकेजं) पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतो. फक्त पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्हीकडं तीच पाहिजे.

गंजगोलाई (लातूर): ताई, दादा, जमलं! पायथन ३.१२ वर पांडाज १.५.३ ची तयार व्हील मिळेना, ३.११ घेतल्यावर लगेच बसलं. शेड्यूलरमध्येही जुनाच पाथ होता, तो बदलला. आज पावणेसातला रिपोर्ट आडतीवर पोचला. आता पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवतो.