मदत हवी आहे: लाइन झपकली की टीव्हीचा डबा बंद पडतो (रास्पबेरी पाय ४, कोडी)

नमस्कार राजेहो,

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. दिवाळी झाली की मंडई (गावची जत्रा) आणि रात्रभराची नाटकं, हे झाडीपट्टीतल्यांना (पूर्व विदर्भातल्या) वेगळं सांगायला नको. गावच्या मंडळाची नाटकं, बाबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, बहिणीच्या लग्नाच्या व्हीसीड्या हे सगळं तीन पेनड्राइव्ह, एक जुना लॅपटॉप आणि कुणाकुणाच्या मोबाइलात विखुरलेलं होतं. ते एका जागी आणावं आणि बाबांना रिमोटनं लावता यावं, एवढीच इच्छा. आधी पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावायचं ठरवलं. पण तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही आणि अख्खं नाटक तर त्याच्या कितीतरी पट. व्हीसीडीतल्या डॅट फायली आमचा टीव्ही ओळखतच नाही.

म्हणून रास्पबेरी पाय ४ (४ जीबीवाला), म्हणजे हाताच्या पंजाएवढा छोटा कॉम्प्युटर घेतला, त्यालाच मी डबा म्हणतो. ३२ जीबीच्या कार्डावर लिब्रेइलेक ही सिस्टिम टाकली, त्यात व्हिडिओ लावायचं कोडी येतंच. बाबांनी डबी उलटीपालटी करून पाहिली न् म्हणाले, "याले पाय कोठी आहेत रे?" पुढचे आठ दिवस घरात तोच विनोद.

२ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क निळ्या यूएसबीत लावली आहे. डॅट फायलीसुद्धा बिनतक्रार चालतात. पण उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या मोटारी सुरू झाल्या आणि रडगाणं सुरू झालं. टीव्हीवर वरच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं. नाटक रंगात आलं असताना डिस्क टिक-टिक करते आणि गायब होते. लाइन झपकली की डबा बंद होऊन पुन्हा सुरू. दोनदा तर कार्डच बिघडलं, सगळं नव्यानं टाकावं लागलं. घरी इन्व्हर्टर आहे, टीव्ही आणि डबा त्याच्याच बोर्डावर आहेत, तरी हे होतं. चार्जर मोबाइलचा आहे, 'फास्ट' लिहिलेला.

दुसरं म्हणजे गावच्या नाटकाला कोडीनं कुठल्याशा परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवलं आहे. नायक म्हणून जो गोरा माणूस दिसतो, त्याला पाहून आमचा खरा नायक (गावातला किराणावाला) रुसला आहे.

आता नवं काय घ्यावं? मिनी पीसी घ्या म्हणू नका, बजेट संपलं.

प्रतिसाद १

भाऊ, ते पिवळं चिन्ह म्हणजे पायला व्होल्टेज कमी पडतंय. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा फास्ट चार्जर फोनशी बोलणी करून व्होल्टेज चढवतो, पाय तसली बोलणी करत नाही, त्यामुळे त्याला साध्या ५ व्होल्टवर जेवढं मिळेल तेवढंच. वर बारीक वायर असली की वाटेतच गळती. पायसाठीचा ५.१ व्होल्टवाला अ‍ॅडाप्टर घ्या, आधी फक्त तेवढंच.

डिस्कचं दुखणं वेगळं. पाय ४ चे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देतात. फिरणारी डिस्क उठताना एकटीच त्यातला मोठा वाटा ओढते. स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला यूएसबी हब मधे घाला. हब निवडताना एक पाहा: काही स्वस्त हब उलटा करंट पायमध्ये ढकलतात. पायचा अ‍ॅडाप्टर काढल्यावरही पायचा लाल दिवा जळत राहिला, तर हब परत करा.

प्रतिसाद २

इन्व्हर्टरच्या मागे बटण आहे का पाहा, बहुतेकांना यूपीएस आणि नॉर्मल असे दोन मोड असतात. नॉर्मलवर लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात असा डबा रिस्टार्ट होतो. यूपीएसवर टाका. मात्र आमच्याकडे (यवतमाळकडचा आहे) यात फसगत झाली. यूपीएस मोडला व्होल्टेजची चौकट अरुंद असते, साधारण १८० च्या खाली गेलं की तो लाइन सोडून बॅटरी खातो. तुमच्याकडे मोटारी चालू असताना व्होल्टेज किती असतं ते मोजा, नाहीतर रात्री पंखाही जायचा.

कार्डाबद्दल: लिब्रेइलेकचा मूळ भाग फक्त वाचण्यापुरता असतो, लिहिणं होतं ते स्टोरेजच्या भागात, आणि लाइन जाताना तोच मार खातो. सगळं सुरळीत झालं की सेटिंगमधून बॅकअप काढून डिस्कवर ठेवा, पुढच्या वेळी अर्ध्या तासात उभं राहील. डिस्क एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटची) असेल तर अचानक बंद पडल्यावर ती नुसती वाचण्यापुरती उघडू शकते, घाबरू नका, लॅपटॉपला लावून तपासून घ्या.

आणि मे महिन्यात पाय सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका. ८० अंशांना पाय स्वतःच मंद होतो. ब्रह्मपुरीचं ऊन मी तुम्हाला काय सांगू.

प्रतिसाद ३

पोस्टरचं सोपं आहे. कोडी फाइलच्या नावावरून इंटरनेटवरच्या सिनेमांच्या यादीत शोधतो. तिथं तुमचं नाटक नाही, मग जवळचं काहीतरी उचलतो. नाटकांचं वेगळं फोल्डर करा, त्याच्या 'सेट कंटेंट'मध्ये 'नन' निवडा. आधीची माहिती काढू का विचारेल, हो म्हणा. मग फाइलच्याच नावापुढे '-thumb' लावलेलं जेपीजी चित्र शेजारी ठेवा. किराणावाल्याचा फोटो लावा, उधारी वाढवून मिळेल.

वाय-फायवर इंटरनेट अडखळत असेल तर तेही डिस्कमुळे असू शकतं. यूएसबी ३ ची केबल २.४ गिगाहर्ट्झवर खरखर करते. डिस्क लांब सरकवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ब्रह्मपुरीला मिळालं नाही, अ‍ॅडाप्टर आणि हब नागपूरहून भाच्यानं आणले. पिवळं चिन्ह गेलं. काल तीन तासांचं नाटक सलग चाललं, डिस्क हूं की चूं नाही.

इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाकला. दोनदा लाइन गेली, डबा हलला नाही. पण प्रतिसाद २ वाल्या भाऊंचं खरं निघालं: मोटारी चालू असताना मल्टिमीटरवर १७२ आलं आणि लाइन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच. म्हणून हब आणि पायसाठी वेगळी सोय करायच्या विचारात आहे. राउटरचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पडून आहे. त्यावर १२ चे ५ करणारा कन्व्हर्टर लावून पाय चालेल का? ३ अँपिअर निघतील, की पुन्हा पिवळं चिन्ह?

किराणावाल्याचा फोटो लावला आहे. त्याला नवीन मेकअपमधला हवा आहे म्हणे.