मदत हवी आहे: आईची ॲमिट्रिप्टिलिन, दुसऱ्या डॉक्टरांची नवी गोळी आणि नागपूरचं ऊन

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. आईचं वय ६८, बीपीची गोळी चालू आहे. हिवाळ्यात तिला डाव्या बरगडीवर नागीण झाली. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण त्या पट्ट्यातली आग जात नाही. ब्लाउजची शिवण टेकली तरी कळवळते. घरात पदर त्या बाजूने उचलून हातात धरून बसते.

धंतोलीतल्या न्यूरोच्या डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ रात्री सुरू केली, पुढे २५ करू म्हणाले. औषधाच्या दुकानातला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, ही तर डिप्रेशनची गोळी." झालं! आईने घरी येऊन पाकीट कपाटात टाकलं. "मले का येड लागून राह्यलं का?" मग डॉक्टरांनीच तिला फोनवर समजावलं. नैराश्यासाठी हीच गोळी साधारण ७५ ते १५० मिग्रॅपर्यंत देतात. नसेच्या दुखण्याला १० ते २५ सुद्धा पुरते. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचताना ती त्याचा जोर कमी करते, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. नागिणीनंतर कुणाच्या घरी ही गोळी आली असेल तर नावाला घाबरून ती टाकून देऊ नका, कळकळीने सांगते. आई आता रात्री झोपते.

अडचण पुढची आहे. गुडघ्यांसाठी दुसरीकडे गेलो. फाइल समोर ठेवली होती, ती उघडलीही गेली नाही आणि प्रीगॅबालिन ७५ व नॉर्ट्रिप्टिलिन १० अशी एकत्र गोळी लिहून मिळाली. नॉर्ट्रिप्टिलिन त्याच गटातली ना? दोन्ही सोबत चालतात का? नवी गोळी अजून सुरू केलेली नाही.

दुसरं म्हणजे ऊन. पारा ४५ च्या आसपास, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस) तोंडावर. आईचं तोंड सारखं कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, पलंगावरून उठताना तोल जातो. आणि आम्ही सगळे घामाने निथळत असताना तिचं अंग कोरडं आणि गरम लागतं. हे गोळीमुळे असेल का? अशात २५ वर जावं का?

प्रतिसाद:
ताई, मी हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे. नवी गोळी सुरू केली नाहीत हे फार चांगलं केलंत. ॲमिट्रिप्टिलिनचं शरीरात नॉर्ट्रिप्टिलिनच तयार होतं, म्हणजे एकाच औषधाची भर पडते, वर प्रीगॅबालिनची गुंगी. दोन्ही चिठ्ठ्या न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यासाठी कुणी ट्रामाडॉल हे दुखणं थांबवणारं औषध दिलं तर तेही त्यांना विचारल्याशिवाय नको. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. या वयात ईसीजी काढून घेतलेला बरा.

हो, या गोळीने घाम कमी होतो, म्हणून उष्माघाताचा धोका वाढतो. दुपारी बाहेर पाठवू नका. उठताना आधी पाय खाली सोडून थोडं बसू दे. अंग तापलं आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या, लघवी अडली किंवा छाती धडधडली तर वाट न बघता दवाखाना गाठा. गोळी मनाने एकदम बंदही करू नका. घरात लहान मुलं असतील तर पाकीट कुलपात ठेवा, या गटाच्या थोड्या जास्त गोळ्याही त्यांच्या जिवावर बेततात.

धागाकर्ती:
खूप आभार. आज सकाळीच फोन केला. नवी गोळी घ्यायची नाही, पाऊस पडेपर्यंत १० वरच राहायचं आणि येत्या भेटीला ईसीजी घेऊन यायचा, असं सांगितलं. गोळी झोपायच्या तासभर आधी द्या म्हणजे सकाळची सुस्ती कमी होईल, असंही म्हणाले. कूलर आईच्या खोलीत हलवला आहे, पाण्याची बाटली उशाशी. बद्धकोष्ठतेचं विचारायचं राहिलं. इसबगोल रात्री गोळीसोबतच दिलेलं चालतं की मध्ये अंतर ठेवावं? कुणाला खात्रीने माहीत असेल तर सांगा.

प्रतिसाद:
अंतर ठेवा, दोनेक तासांचं. आणि इसबगोलवर ग्लासभर पाणी प्यायलाच हवं, नाहीतर पोट आणखी अडतं.