कृष्णाकाठी धुण्याच्या घाटावर मगर: हलवावी की कठडा घालावा?

मळीकर:
पलूस तालुक्यातलं गाव. घाटासमोरच्या मळीवर, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर, आठ-नऊ फुटी मगर रोज ऊन खात पडलेली असते. ग्रामसभेत दोन मतं आहेत. काहींना ती वनखात्याकडून हलवून हवी आहे, काही म्हणतात श्रीलंकेत नदीत उतरायच्या जागेभोवती गजांचा घालतात तसा कठडा घालू. कठड्याचं माप काय ठेवावं? कोयनेचं पाणी सुटलं की पातळी वरखाली होते, त्याचं काय करायचं?

डोहकाठ:
हलवायचा विचार सोडा. मोठी मगर गेली की तिची जागा दुसरी धरते, आणि नेलेलीही परत येते. ऑस्ट्रेलियात ट्रान्समीटर लावून केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पलीकडच्या किनाऱ्याला सोडलेली एक खाऱ्या पाण्यातली मगर टोकाला वळसा घालून, 400 किमीहून जास्त पोहून मूळ नदीत आली. आपली मगर वेगळ्या जातीची, पण पाणी आटलं की तीही जमिनीवरून लांब चालत जाते. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, गावानं हात लावायचा नाही. गावात किंवा विहिरीत शिरली तर वनखात्याच्या 1926 या नंबरला फोन करा.

लोखंडी गज:
कठड्याचं सांगतो. गजांमधलं अंतर 4 इंच ठेवा. सहा फुटी मगरीचं डोकंही त्यातून जात नाही. पाण्यावर किमान 3 फूट उंची हवी. चुकतं ते दोन ठिकाणी. एक, तळ. प्रवाहानं गजांखालची वाळू खरवडली जाते आणि वीतभर फट पडली की मगर खालून येते. गज तळात दीड-दोन फूट गाडा, वर दगड भरा. दुसरं, बाजू. लोक तीन बाजू पाण्यात बांधतात आणि काठाकडून मोकळं सोडतात, मगर जमिनीवरून आत येऊन बसते. दोन्ही बाजूंचा कठडा पायऱ्यांवर वरपर्यंत न्या. पातळी बदलते म्हणून चौकटी बोल्टच्या ठेवा, पाण्याबरोबर पायरी-पायरीनं सरकवता येतात. मृगाआधी काढून ठेवा, नाहीतर पुराची जलपर्णी अडकून सगळं वाकतं. रोज उतरण्याआधी लांब काठीनं आतलं पाणी ढवळायचं, हे कठडा असला तरी सोडू नका.

मळीकर:
घाटाच्या खालच्या अंगाला चिकनचा कचरा पडतो. त्यानं फरक पडतो का?

डोहकाठ:
फार पडतो, कठड्याआधी तो बंद करा. त्या वासानं कुत्री येतात, मासे जमतात, आणि दोन्हींसाठी मगर तिथेच ठाण मांडते. ती पाण्याखालून, काठाशी दबा धरून झडप घालते. उकिडवं बसून धुणं धुणारा माणूस तिला बुटक्या जनावरासारखा दिसतो. म्हणून कट्टा पाण्यापासून दहा-बारा फूट मागे बांधा आणि पाणी पाइपानं वर घ्या. एवढं जमलं तर कठड्याची गरजही कमी होईल.

आता हंगाम बघा. फेब्रुवारी ते एप्रिल मादी काठाच्या मऊ मातीत, पाण्याच्या रेषेच्या वर, खड्डा करून 25-30 अंडी घालते. दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. त्यांचा आवाज ऐकून मादी माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ती पिल्लं खात नाही, वाचवते. या काळात घरट्याजवळ गेलात तर ती अंगावर येते. वीटभट्टीला मळीची माती काढणाऱ्यांना हे आधीच सांगा. घरटं फुटलं की मादी बिथरते, आणि पुढच्या वर्षी अंडी घालायला तिला काठही उरत नाही.

लोखंडी गज:
एक राहिलं, मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप (फूटव्हॉल्व्ह). उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तो साफ करायला माणूस एकटा, पहाटे, छातीभर पाण्यात उतरतो. घाटाइतकाच धोका तिथेही आहे. फुटबॉलला नायलॉनचा दोर बांधून ठेवा आणि काठावरून ओढून वर घ्या. उतरावंच लागलं तर उन्हं वर आल्यावर, आणि दुसरा माणूस काठावर उभा हवा.

चावलं तर जखम लहान दिसली तरी घरी हळद लावून बसू नका. दात खोल जातात, आत घाण राहते आणि जखम चिघळते. भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा, कापड दाबून धरा, थेट दवाखाना गाठा. वनखात्याला त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईच्या यादीत मगर आहे.