तिघांच्या गाण्यातला चौथा: नॅट पिअर्सच्या पियानोची बाजू

काळीपाच:
लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या जॅझ गाणाऱ्या त्रिकुटाविषयी बोलणं निघालं की कौतुकाची वाटणी ठरलेली असते. डेव्ह लॅम्बर्टला स्वरांच्या मांडणीचं, जॉन हेंड्रिक्सला शब्दांचं, अ‍ॅनी रॉसला आवाजाचं. तिघांचंही ते हक्काचं आहे. पण त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर, १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’वर, पियानोला कोण बसलं होतं हे विचारा. चांगले जॅझ ऐकणारेही गप्प होतात. त्याचं नाव नॅट पिअर्स. तो नसता तर ही रेकॉर्ड अशी झुललीच नसती, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी ती ऐकली नाही त्यांच्यासाठी: पियानोवादक काउंट बेसीच्या बँडच्या रचना घ्यायच्या, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचे सगळे भाग गळ्यातून काढायचे आणि मूळ वादकांच्या सोलोंवरही शब्द बसवायचे, असा हा उद्योग. लॅम्बर्टने आधी स्टुडिओत गाणाऱ्यांचा मोठा गट बोलावला होता. ते नोटेशन बिनचूक वाचायचे, पण बेसीचा झोक त्यांच्या अंगात येईना. तो शिकवायला रॉसला आणलं, तरी जमेना. शेवटी या तिघांनीच आवाजावर आवाज चढवत सगळा वाद्यवृंद गायला. निर्माता होता क्रीड टेलर, कंपनी एबीसी-पॅरामाउंट.

आता मागे कोण आहे ते बघा. गिटारवर फ्रेडी ग्रीन, बेसवर एडी जोन्स, ड्रम्सवर सनी पेन. तिघंही त्या वेळी खुद्द बेसीच्या बँडमध्ये. ग्रीन तर १९३७ पासून तिथेच, आणि पुढे १९८७ मध्ये वारला तोवर तिथेच. हे तिघं रोज रात्री एकमेकांच्या श्वासावर वाजवणारे. त्यांच्यात बाहेरचा असा एकच, पियानोवाला. आणि ती खुर्ची कुणाची, तर काउंटची!

मी गेली वीस वर्षं पेटीची साथ करतो. जमलेल्या तबलजी-गायकाच्या जोडीत ऐन वेळी पेटीला जाऊन बसणं काय असतं हे मला चांगलं माहीत आहे. पहिल्या आवर्तनात तुम्ही जास्त वाजवता. सगळेच जास्त वाजवतात, कारण आपण इथे आहोत हे सांगायचं असतं. पिअर्स तसं करत नाही. वरच्या सप्तकात दोन-तीन स्वरांचा एक तुकडा टाकतो आणि हात उचलतो. पुढची मोकळी जागा गाणाऱ्यांची. गळ्याने बँड उभा करणाऱ्यांना नेमकी हीच जागा हवी असते, कारण ट्रंपेटवाला फुंकर लांबवू शकतो पण शब्द उच्चारणाऱ्याला मध्ये श्वास घ्यावाच लागतो. या माणसाचं नाव घेतल्याशिवाय त्या रेकॉर्डचं कौतुक अपुरं आहे.

तिहाई:
काळीपाच, मनापासून लिहिलं आहे तुम्ही, पण मला पटलं नाही. दोन-तीन स्वरांचा तुकडा टाकून हात उचलणं ही पिअर्सची कल्पना नाही, बेसीची आहे. बेसी न्यू जर्सीतल्या रेड बँकचा. डाव्या हाताने ताल धरणाऱ्या स्ट्राइड पद्धतीचा दणदणीत पियानो वाजवत मोठा झाला, ऑर्गनचे धडे पियानोवादक फॅट्स वॉलरकडून घेतले. पुढे कॅन्सस सिटीला वॉल्टर पेजचा बेस, जो जोन्सचे ड्रम्स आणि नंतर ग्रीनची गिटार हाताशी आली, तेव्हा त्याला कळलं की ताल धरायला डाव्या हाताची आता गरज नाही. मग तो वगळत गेला. त्या वगळण्याला अनेक वर्षांचं धाडस लागलं. पिअर्सला ते तयार मिळालं. उत्तम नक्कल आहे हे मान्य. पण नक्कल करणाऱ्याला मूळ कलावंताच्या पंक्तीला बसवून आपण बेसीचंच श्रेय दुसऱ्याच्या पानात वाढतो आहोत.

रात्रपाळी:
मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे. दुर्लक्षित पियानोवाला शोधायचाच असेल तर तो पिअर्स नव्हे, गिल्डो माहोनेस. पिअर्स या त्रिकुटाबरोबर एका रेकॉर्डपुरता आला. माहोनेस १९५९ पासून १९६४ मध्ये गट संपेपर्यंत मागे बसला. क्लबात, दौऱ्यावर, रोज. कोलंबियाने काढलेल्या ‘द हॉटेस्ट न्यू ग्रुप इन जॅझ’वर ज्या वेगात हे तिघं शब्द फेकतात, त्या वेगाखाली गालिचा अंथरणारा तोच. १९६२ मध्ये रॉस गेली आणि सिलोनची योलांड बावन आली, तेव्हा नव्या गळ्याला सांभाळून घेणाराही तोच.

आणि त्याचं नाव कसं येतं? ‘आइक आयझॅक्स ट्रिओ’ या तीन शब्दांच्या आत दडलेलं. बेस वाजवणाऱ्याच्या नावाने ट्रिओ, म्हणून पियानोवाला बिननावाचा.

माहोनेस न्यूयॉर्कचा, पोर्टोरिकन घरातला. १९५३ ते १९५६ तो लेस्टर यंगबरोबर होता. म्हणजे बेसीच्या जुन्या बँडचा सर्वांत मोठा सॅक्सोफोनवाला त्याने तीन वर्षं रोज जवळून ऐकला. बेसीचं घराणं त्याच्याकडेही आलं, पण त्याने ते पाठ म्हणून दाखवलं नाही. त्यात बीबॉप ही नव्या पिढीची जॅझशैली मिसळली, आपला हात ठेवला. तिहाई, नकलेविषयीचा तुमचा आक्षेप माहोनेसला लागू होत नाही बघा.

काळीपाच:
रात्रपाळी, माहोनेसबद्दल एक अक्षरही खोडणार नाही, उलट त्याच्यावर स्वतंत्र धागा काढा. पण तुमचा हिशोब दिवसांवर चालला आहे. पाच वर्षं साथ केली म्हणून मोठा, एक रेकॉर्ड केली म्हणून लहान, असं साथीत नसतं. पहिली रेकॉर्ड फसली असती तर पुढे गटच नव्हता. १९५७ मध्ये हे तिघं कायमचा गट म्हणून एकत्र आलेलेच नव्हते. ती रेकॉर्ड गाजली म्हणून ते रंगमंचावर उभे राहिले.

तिहाई, तुमच्या मुद्द्याला जरा सावकाश उत्तर देतो, कारण तो खरा मुद्दा आहे.

नक्कल म्हणजे काय? बेसीचे तुकडे कुणीही पाठ करू शकतो. कुठे वाजवायचं नाही हे पाठ करता येत नाही, कारण ते समोरचा काय करतो यावर ठरतं. बेसीपुढे खरे ट्रंपेट होते, पिअर्सपुढे माणसाचे गळे. दोन्हीकडे सारख्याच जागा सोडून चालणार नाही. आणि तो निव्वळ नकलाकार असता तर त्याला बाकी कुणी विचारलं नसतं. तो १९५१ ते १९५५ वुडी हर्मनच्या बँडमध्ये पियानो वाजवत आणि अ‍ॅरेंजमेंट, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं त्याची मांडणी, लिहीत होता, साठच्या दशकात पुन्हा तिथेच गेला. १९५७ च्याच डिसेंबरात सीबीएस वाहिनीवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम झाला. तिथे पियानोवर स्वतः बेसी, आणि त्याच्या त्या बँडसाठी अ‍ॅरेंजमेंट केल्या पिअर्सने. पुढे बेसी आजारी पडला की त्याच्या जागी बसायला बोलावणं यायचं ते पिअर्सला. खुर्चीच्या धन्यानेच ज्याच्या हाती खुर्ची सोपवली, त्याला नक्कल करणारा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अनुस्वार:
मी जॅझमधली नवखी आहे. गाणं शिकते आणि या त्रिकुटाच्या शब्दांमुळे इकडे आले. एक शंका. आवाजावर आवाज चढवून ही रेकॉर्ड झाली म्हणता, तर त्यातले बरेच थर रिदम सेक्शन, म्हणजे पियानो, गिटार, बेस आणि ड्रम्सवाले, वाजवून घरी गेल्यावरच चढले असणार ना? मग पिअर्सने “गळ्यांसाठी जागा सोडली” हे कसं? जे अजून गायलंच गेलं नाही त्याला तो प्रतिसाद देणार तरी कसा? उलट गाणाऱ्यांनीच त्याने ठेवलेल्या जागा शोधून त्यात स्वतःला बसवलं, असं म्हणायला हवं. तसं असेल तर अवघड काम रॉस आणि मंडळींचं. ‘फिएस्टा इन ब्लू’मध्ये ती बक क्लेटनचा ट्रंपेट गाते ते ऐकताना माझा घसा कोरडा पडतो. तिच्या मेहनतीतला वाटा मागे बसलेल्याला देताना मला जड जातं.

तिहाई:
अनुस्वार, फार नेमका प्रश्न. काळीपाच, याचं उत्तर द्याच. कुठे वाजवायचं नाही हे समोरच्याचं ऐकून ठरतं, असं तुम्हीच म्हणता. मग जिथे ऐकायला पूर्ण गाणं नव्हतंच, तिथे साथ कसली?

काळीपाच:
प्रश्न बरोबर आहे आणि मी वर जे लिहिलं त्यातला एक भाग मागे घेतो. प्रत्येक थराला त्याने प्रतिसाद दिला असं म्हणता येणार नाही. चढवलेल्या आवाजांना तो ऐकत नव्हता, ऐकू शकत नव्हता.

पण त्यामुळे माझं म्हणणं उलट पक्कं होतं. समोर पूर्ण बँड नाही, ट्रंपेट नाहीत, सॅक्सोफोन नाहीत. नंतर त्या जागी किती आवाज येऊन बसणार आहेत, ते मनात धरून वाजवायचं आहे. अशा वेळी रिकामं वाटतं म्हणून हात भरून वाजवायचा मोह किती होत असेल! मी एकदा एका गायिकेसाठी स्टुडिओत आधी पेटी वाजवून दिली होती, गाणं ती दुसऱ्या दिवशी गाणार होती. रिकामं वाटलं म्हणून मी प्रत्येक ओळीनंतर भरणा केला. दुसऱ्या दिवशी तिला आलाप घ्यायला जागाच उरली नाही, आणि माझं सगळं वादन पुन्हा घ्यावं लागलं. पिअर्सने न गायलेल्या गाण्यासाठी जागा राखली. ऐकण्याचाच हा प्रकार आहे, फक्त मूळ बेसी इतका मुरलेला हवा की पुढचं आधीच कानात वाजेल.

रॉसच्या वाट्यातलं मी काहीच काढून घेत नाही, अनुस्वार. ती ज्या जमिनीवर उडी मारते ती जमीन कुणी सारवली एवढंच सांगतो आहे.

रात्रपाळी:
हे मात्र पटलं. माहोनेसला तिघं समोर दिसत होते. रॉसने भुवई उचलली तरी तो लय आवरू शकत होता. पिअर्सला ती सोय नव्हती. तरी मी म्हणेन की रोज समोर दिसणाऱ्या तीन लहरी माणसांना पाच वर्षं सांभाळणं हेही काही कमी नाही. माहोनेसने स्वतःच्या नावाने प्रेस्टीज कंपनीसाठी साठच्या दशकात रेकॉर्ड केल्या आहेत. त्या ऐका, मग ट्रिओच्या नावामागे केवढा वादक झाकला गेला ते कळेल. २०१८ मध्ये तो गेला तेव्हा मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी “कोण?” असंच विचारलं. फार वाईट वाटलं होतं.

तिहाई:
मी माझ्या जागेवरून फार हललो नाही. पिअर्सच्या हातातली भाषा बेसीची होती, आणि पुढेही तो त्याच भाषेत बोलत राहिला. सत्तरच्या दशकात ड्रमर फ्रँक कॅपबरोबर त्याने जगरनॉट नावाचा बँड काढला, तोही बेसीच्याच वाटेचा. स्वतःची बोली घडवणारा आणि दुसऱ्याची शुद्ध बोलणारा यांत मी फरक करणार, आणि पहिल्याला वर ठेवणार. पण नाव घ्यायला हवं याबद्दल भांडण नाही. गोविंदराव पटवर्धनांची पेटी आपण नावानिशी आठवतो ना, तसंच.

एक सुचवतो. या त्रिकुटाने पुढच्याच वर्षी ‘सिंग अलाँग विथ बेसी’ केली, तिच्यात पूर्ण बँड आणि पियानोवर खुद्द काउंट. दोन्ही पाठोपाठ ऐका, फक्त पियानोकडे लक्ष ठेवून. आज रात्री मीही ऐकतो.

अनुस्वार:
ऐकल्या दोन्ही, हेडफोन लावून. दुसरीत खरा बँड आहे, त्यामुळे ती दणदणीत वाटते, आणि बेसी स्वतः वाजवतो तेव्हा कुणीतरी घरचं माणूस दारात येऊन उभं राहिल्यासारखं होतं. पण पहिलीत मला शब्द जास्त स्पष्ट ऐकू आले. तीनदा मागे नेऊन ऐकलं. हेंड्रिक्सच्या ओळी संपतात तिथे पियानो मुळीच नाही, फक्त ग्रीनची गिटार चार ठोके चालते, आणि मग वरच्या बाजूने दोन स्वर येतात. तेवढेच. आता मला ते दोन स्वर येण्याआधीच ऐकू येऊ लागले आहेत.

तिहाई:
मीही ऐकल्या. मत तेच आहे. पण पहिली दोनदा लावली, दुसरी एकदा.